ताटे किती मांडावीत? : लहान यंत्रांतील नेटवर्क बफरविषयी

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज पुणे शहरात व परिसरात, हिंजवडी, खराडी, भोसरी, चाकण या भागांत 'एम्बेडेड' नावाच्या क्षेत्रात नोकरी करीत आहेत. त्यांच्या पालकांना शेजारीपाजारी विचारतात, 'मुलगी काय काम करते?' आणि पालक 'कॉम्प्युटरचे' एवढे सांगून विषय संपवतात. प्रस्तुत लेख आम्ही, म्हणजे या क्षेत्रात असलेल्या काही माजी विद्यार्थ्यांनी, मुख्यतः त्या पालकांसाठी लिहीत आहोत. संपूर्ण क्षेत्राची ओळख एका लेखात करून देणे शक्य नाही. म्हणून आम्ही एकच काम निवडले आहे. ते दिसायला क्षुल्लक आहे, एखाददुसरी संख्या ठरवण्याचे. पण ती संख्या चुकली तर यंत्र ऐन वेळी मुके होते.

एम्बेडेड यंत्र म्हणजे ज्याच्या पोटात संगणक आहे, पण ज्याला कोणी संगणक म्हणत नाही असे यंत्र. विजेचा मीटर, पाण्याच्या पंपाचे नियंत्रक, रुग्णालयातील नाडी मोजणारे उपकरण, घरातील वाय-फायचा डबा ही सारी त्यात येतात. या यंत्रांत एक लहानशी कार्यप्रणाली चालते. आपल्या घरच्या लॅपटॉपमध्ये आठ किंवा सोळा गिगाबाईट स्मृती असते. या यंत्रांत ती पुष्कळदा काही शे किलोबाईट एवढीच असते, म्हणजे लॅपटॉपच्या काही दहा हजारांश. एवढ्याशा जागेत यंत्राला आपले मूळ काम करायचे असते आणि शिवाय नेटवर्कवरून इतरांशी बोलायचेही असते.

नेटवर्कवरचे बोलणे अखंड धारेसारखे नसते. मजकूर तुकड्यातुकड्यांनी येतो. त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात. इथरनेटवर त्यातील मजकूर सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त 1500 बाईटांचा असतो. पॅकेट येते तेव्हा यंत्र मोकळे असेलच असे नाही. म्हणून आलेले पॅकेट प्रोग्रामला सवड होईपर्यंत कोठेतरी ठेवावे लागते. त्या ठेवण्याच्या जागेला बफर म्हणतात. किती बफर राखून ठेवायचे, प्रत्येक किती मोठा करायचा आणि ते कोणाकोणात वाटायचे, हे ठरवणे हाच या लेखाचा विषय आहे.

आपल्या भोजनगृहाचे उदाहरण घेऊ. ज्याने तेथे एक सत्र जरी काढले असेल त्याला हा विषय निम्मा समजलेला असतो. ताटे साठ आहेत आणि मुले दोनशे. ताट मिळाले की मूल पंगतीत बसते, जेवते, ताट घासून परत रचून ठेवते. मग ते दुसऱ्याला मिळते. ताटांची संख्या मुलांच्या संख्येइतकी असण्याची गरज नसते. एका वेळी किती मुले बसतात आणि ताट किती वेळाने परत येते, यावर ती ठरते. आणि मुले येण्याचा वेग अचानक वाढला, किंवा ताट घासण्याचा नळ बंद पडला, की ताटांची रास संपते व दारात रांग लागते. भोजनगृहात रांगेतले मूल थांबते, एवढेच. नेटवर्कमध्ये मात्र पॅकेट थांबत नाही. जागा नसेल तर ते टाकून दिले जाते, आणि यंत्राला पुष्कळदा त्याची दादही नसते.

कोणी विचारील की, ताट संपले तर त्या क्षणी नवे का बनवू नये? मोठ्या संगणकात प्रोग्राम लागेल तेवढी स्मृती लागेल तेव्हा मागतो आणि मग परत करतो. लहान यंत्रात ही पद्धत धोक्याची ठरते. वेगवेगळ्या आकारांचे तुकडे घेता-देता स्मृतीत मध्ये मध्ये लहान लहान फटी उरतात. एकूण मोकळी जागा पुरेशी असूनही सलग जागा सापडत नाही. अंगणात ठिकठिकाणी एकेक माणूस उभा राहील अशी जागा आहे, पण सतरंजी अंथरायला जागा नाही, तशी ही स्थिती. असे यंत्र आठ दिवस नीट चालते आणि नवव्या दिवशी कारण न सांगता थांबते. शिवाय जागा शोधायला दर वेळी किती वेळ लागेल हे आधी सांगता येत नाही, आणि ठरलेल्या क्षणी झडप उघडणे हेच ज्या यंत्राचे काम त्याला ही अनिश्चितता परवडत नाही. म्हणून सारखी एकाच मापाची ताटे आधीच रचून ठेवायची, हा मार्ग या क्षेत्राने स्वीकारला.

या मार्गाची एक जुनी आणि आजही जिवंत असलेली रचना म्हणजे 'एमबफ'. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत 1983 मध्ये युनिक्सची जी आवृत्ती निघाली तिच्यात ती आली. एमबफ ही 128 बाईटांची वाटी समजावी. लहान निरोप तिच्यातच मावतो. मोठे पॅकेट आले तर तिला 'क्लस्टर' नावाचे मोठे ताट जोडतात. पुढे त्याचे माप बहुधा 2048 बाईट झाले. वाट्या आणि ताटे यांच्या राशी वेगळ्या, कारण चटणीसाठी ताट अडवणे जसे अयोग्य, तसे वीस बाईटांच्या पोचपावतीसाठी दोन हजार बाईट अडवणेही अयोग्य.

हीच रचना आरटीईएमएस नावाच्या एम्बेडेड कार्यप्रणालीने उचलली. ही प्रणाली अमेरिकेत संरक्षणाच्या कामासाठी 1980 च्या दशकाच्या अखेरीस जन्मली, पुढे सर्वांसाठी मुक्त झाली आणि मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाच्या रेडिओपर्यंत पोचली. तिच्या जुन्या नेटवर्क विभागात दोन आकडे भरावे लागतात : वाट्यांसाठी एकूण किती बाईट आणि ताटांसाठी एकूण किती बाईट. काहीच न भरता शून्य ठेवले तर ती स्वतः 64 किलोबाईट आणि 128 किलोबाईट घेते. भागाकार करून पाहावा : वाट्या 512, ताटे 64. सेकंदाला 10 कोटी बिट वाहून नेणाऱ्या साध्या इथरनेटवर पूर्ण मापाची पॅकेटे एकामागून एक आली तर दर 0.12 मिलिसेकंदाला एक येते. म्हणजे सगळीच्या सगळी 64 ताटे येणाऱ्या पॅकेटांनाच दिली असे धरले तरी ती 8 मिलिसेकंदांत भरतात. याच प्रणालीच्या घड्याळाचा ठोका, वेगळे काही सांगितले नाही तर, 10 मिलिसेकंदांचा असतो. प्रोग्रामने 'एक ठोका थांबतो' असे म्हटले, तरी तो जागा होण्यापूर्वी रास संपलेली असते. ताटे संपली की ही प्रणाली पडद्यावर एक वाक्य उमटवते. त्याचा आशय 'क्लस्टरची अजून वाट पाहत आहे' असा आहे. ज्यांनी रात्री उशिरा प्रयोगशाळेत हे वाक्य ओळीने उमटताना पाहिले आहे त्यांना त्याचे वेगळे स्पष्टीकरण नको.

आता आपल्या जिल्ह्यातील एका थोर उदाहरणाकडे वळू. जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ खोडद येथे 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप' ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. जीएमआरटी या आद्याक्षरांनी ती जगभर ओळखली जाते. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र तिचे काम पाहते. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या तेथे आहेत. 14 मध्यभागी, साधारण एक चौरस किलोमीटरच्या आवारात, आणि उरलेल्या 16 इंग्रजी 'वाय' अक्षराच्या तीन भुजांवर दूरवर पसरलेल्या. सर्वांत लांबच्या दोन तबकड्यांत सुमारे 25 किलोमीटर अंतर आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने तेथे विद्यार्थ्यांची प्रदर्शने भरतात; ज्या पालकांनी ती जागा पाहिली नसेल त्यांनी मुलांना घेऊन एकदा अवश्य जावे.

तबकड्यांनी टिपलेले संकेत काचतंतूंतून मध्यवर्ती इमारतीत येतात आणि तेथे त्यांचे आकड्यांत रूपांतर होते. गेल्या दशकात दुर्बिणीचे नूतनीकरण झाले, तेव्हा एका वेळी ऐकता येणारा पट्टा 32 मेगाहर्ट्झवरून 400 मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला. 400 मेगाहर्ट्झचा पट्टा टिपायचा तर सेकंदाला किमान 80 कोटी नमुने घ्यावे लागतात. एका नमुन्याला एक बाईट धरला आणि 30 तबकड्यांचे प्रत्येकी दोन संकेत धरले, तर सेकंदाला 4800 कोटी बाईट होतात. एवढे सारे दीर्घ काळ साठवून ठेवणे व्यवहार्य नाही. आल्या आल्या त्यावर गणित करून सार काढावे लागते.

हे आकडे घेणाऱ्या पाट्यांचे नाव 'रोच' असे आहे. नाव आद्याक्षरांनी बनले असले तरी इंग्रजीत त्याचा अर्थ झुरळ होतो, आणि ते मुद्दाम ठेवले असावे असा आमचा संशय आहे. रोच पाटीवर दोन वेगवेगळे मेंदू असतात. एक लहान प्रोसेसर, ज्यावर लिनक्सची एम्बेडेड आवृत्ती चालते. आणि एक एफपीजीए, म्हणजे आपल्याला हवा तसा जोडता येणारा विद्युत्परिपथ. नमुन्यांची धार या लहान प्रोसेसरच्या हातातून जातच नाही. ती एफपीजीएमधून थेट सेकंदाला 1000 कोटी बिट वाहणाऱ्या इथरनेटवर पडते. प्रोसेसर फक्त देखरेख करतो : परिपथ भरणे, सुरू करणे, बंद करणे, स्थिती कळवणे. आमच्या मते बफरच्या विषयातील पहिला शहाणपणा हाच आहे. जो ओघ लहान कार्यप्रणालीला पेलवणार नाही, त्याच्यासाठी तिचे बफर वाढवत बसण्याऐवजी तो ओघ तिच्या दारावरून न नेणे उत्तम.

पण धार दुसऱ्या टोकाला कोणीतरी घ्यावीच लागते. तेथे लिनक्स चालणारे मोठे संगणक असतात, आणि तेथे आपला प्रश्न पुन्हा उभा राहतो. सर्वसाधारण लिनक्समध्ये एका जोडणीसाठी येणाऱ्या मजकुराचा बफर, काही न बदलल्यास, 2,12,992 बाईटांचा असतो. घरच्या वापराला तो पुरतो. सेकंदाला 1000 कोटी बिट म्हणजे 125 कोटी बाईट. या वेगाने तो बफर एका सेकंदाच्या सुमारे सहा हजाराव्या भागात भरतो. पुष्कळ लिनक्स संगणकांत घड्याळाचा एक ठोका 4 मिलिसेकंदांचा असतो. घेणारा प्रोग्राम दुसऱ्या एखाद्या कामासाठी एकच ठोका बाजूला झाला तर तेवढ्यात 50 लाख बाईट येऊन जातात, म्हणजे बफरच्या तेवीसपट. म्हणून अशा ठिकाणी ही मर्यादा काही मेगाबाईटांपर्यंत किंवा त्याहून पुढे वाढवणे, घेणाऱ्या प्रोग्रामला स्वतंत्र प्रोसेसर नेमून देणे आणि नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या रांगेची लांबी वाढवणे ही कामे अपरिहार्य होतात.

या हिशेबातून जे सूत्र निघते ते सर्वत्र चालते. बफर किती हवा? येण्याचा वेग गुणिले घेणाऱ्याची सर्वांत लांब गैरहजेरी. सरासरी गैरहजेरी येथे कामाची नाही. भोजनगृहात ताट घासणारा रोज सरासरी पाच मिनिटे गैरहजर असतो, या माहितीचा उपयोग तो अर्धा तास गेला त्या दिवशी होत नाही.

येथे एक शंका रास्त आहे. हरवलेले पॅकेट पुन्हा मागता येत नाही काय? टीसीपी नावाची पद्धत तेच करते. पोचपावती आली नाही तर पाठवणारा पुन्हा पाठवतो. पण त्यासाठी पाठवणाऱ्याने पोचपावती येईपर्यंत प्रत सांभाळावी लागते, म्हणजे बफरचा बोजा पाठवणाऱ्याकडे सरकतो. सेकंदाला 125 कोटी बाईट ओतणारी पाटी किती प्रती सांभाळणार? म्हणून असे ओघ यूडीपी या पद्धतीने जातात, जिच्यात पोचपावती नाही आणि दुसरी संधीही नाही. तिकडे तारा आपला संकेत पुन्हा पाठवीत नाही. आणि हरवले ते फक्त तेवढेच पॅकेट, असेही नसते. याच दुर्बिणीवरून भारतातील एक गट वर्षानुवर्षे स्पंदक ताऱ्यांच्या ठोक्यांची वेळ मोजत आहे. अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या खुणा मिळाल्याचे 2023 मध्ये जाहीर झाले त्यात युरोपीय शास्त्रज्ञांबरोबर या गटाची मापनेही होती. अशा मापनात मधले एक पॅकेट गळाले आणि कोणाच्या लक्षात आले नाही, तर त्यापुढील प्रत्येक नमुन्याची वेळ सरकते. म्हणून अशा कामात प्रत्येक पॅकेटावर क्रमांक असावा लागतो, आणि गळालेल्याच्या जागी शून्ये भरून वेळेचा हिशेब कायम ठेवावा लागतो. गळती टाळणे आणि झालेली गळती ओळखता येणे ही दोन वेगळी कामे आहेत. आमच्या अनुभवाने दुसरे काम अधिक वेळा राहून जाते.

खोडदहून आता खिशात मावणाऱ्या यंत्राकडे येऊ. अशा यंत्रांत सर्वाधिक आढळणारा नेटवर्क विभाग म्हणजे एलडब्ल्यूआयपी. स्वीडनमधील अ‍ॅडम डंकेल्स यांनी तो प्रथम लिहिला. काही दहा किलोबाईट स्मृतीत तो चालतो, हे त्याचे वैशिष्ट्य. त्याच्या मूळ आकड्यांत येणाऱ्या पॅकेटांसाठी 16 बफर असतात, प्रत्येक सुमारे 590 बाईटांचा. त्यात मजकूर 536 बाईट, बाकी पत्ते व शीर्षके. म्हणजे एकूण मजकुराची जागा 16 गुणिले 536, बरोबर 8576 बाईट.

आता टीसीपीत प्रत्येक टोक समोरच्याला एक वचन देत असते : 'मी सध्या इतके बाईट घेऊ शकतो.' या वचनाला विंडो म्हणतात. एलडब्ल्यूआयपीच्या मूळ आकड्यांत एका जोडणीचे वचन 536 च्या चौपट, म्हणजे 2144 बाईटांचे असते. चार जोडण्या असतील तर चार वचने मिळून 8576. जागा आणि वचने तंतोतंत जुळली. परंतु त्याच आकड्यांत एकाच वेळी पाच जोडण्यांना परवानगी असते. पाचवी जोडणी आली की वचने 10,720 बाईटांची होतात आणि जागा मात्र 8576 चीच राहते. पाचही जण एकाच क्षणी बोलू लागले तर कोणाला तरी दिलेला शब्द मोडणार. हे बहुधा घडत नाही, म्हणून चाचणीत दिसत नाही. आणि ज्या दिवशी कारखान्यात काही बिघडते व सगळे एकदम यंत्राला विचारू लागतात, नेमके त्याच दिवशी घडते.

आणखी एक बारकी गोष्ट येथे लपलेली आहे. समोरच्याने 2144 बाईट एकेका बाईटाच्या पॅकेटांनी पाठवले तर? वचन तर पाळलेच जात आहे. पण प्रत्येक एकबाईटी पॅकेट एक संपूर्ण बफर अडवते; सोळा पॅकेटांत, म्हणजे सोळा बाईटांत, रास संपली. ताट मोठे आणि त्यात एक शेंगदाणा. बाईटांचा हिशेब जुळला म्हणून ताटांचा जुळेलच, असे नाही.

याहून बिकट स्थिती म्हणजे परस्परांत अडकणे. समजा, येणाऱ्या व जाणाऱ्या पॅकेटांसाठी एकच रास आहे. प्रोग्राम मंद आहे. सगळे बफर आलेल्या, न वाचलेल्या मजकुराने भरले. वाचून झालेल्या मजकुराची पोचपावती पाठवायची तर तिलाही एक वाटी लागते, ती मिळत नाही. पोचपावती नाही म्हणून समोरचा तोच मजकूर पुन्हा पाठवतो, आणि मोकळी झालेली पहिली जागा त्या पुनरुक्तीलाच जाते. पंगतीत सगळी ताटे मांडली आहेत आणि वाढप्याला भाजी काढायला भांडे नाही, तसा हा प्रसंग. यावरचा उपाय साधा आहे : येणाऱ्यांची रास वेगळी आणि जाणाऱ्यांची वेगळी. झेफिरसारख्या नव्या एम्बेडेड प्रणालींत त्या मुळातच वेगळ्या मांडलेल्या असतात. एकाच राशीने स्मृती वाचते हे खरे. पण थोड्याशा बचतीसाठी यंत्र मुके होण्याची वाट मोकळी ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जागा कोठे आहे, हाही प्रश्न असतो. महाविद्यालयांतील प्रकल्पांत वापरल्या जाणाऱ्या एसटीएम32एफ407 या चिपमध्ये 192 किलोबाईट स्मृती असते. विद्यार्थी ती सगळी एकसारखी समजतो. त्यांतील 64 किलोबाईट अशा विभागात आहेत की तेथे फक्त प्रोसेसर पोचू शकतो. पॅकेटे थेट स्मृतीत उतरवणारे इथरनेटचे परिपथ तेथे पोचू शकत नाहीत. स्वयंपाकघराकडे दारच नसलेली खोली असावी तशी ती जागा. बफर तेथे ठेवले तर प्रोग्राम निर्वेध तयार होतो, चुकीचा एक शब्दही दिसत नाही आणि नेटवर्क मात्र चालत नाही.

मग ताटे भरपूर ठेवली की झाले, असे वाटेल. तेही खरे नाही. घरातील वाय-फायच्या डब्यात बाहेर जाणाऱ्या मजकुरासाठी 10 लाख बाईटांचा बफर आहे आणि बाहेरची वाट सेकंदाला 80 लाख बिट, म्हणजे 10 लाख बाईट, नेते असे समजा. मुलाने मोठी चित्रफीत पाठवायला घेतली की तो बफर भरतो. त्यानंतर आजीचा व्हिडिओ कॉल सुरू असेल तर तिचा प्रत्येक शब्द रांगेच्या शेवटी उभा राहतो आणि एक सेकंद उशिरा निघतो. एकही पॅकेट हरवलेले नसते, तरी संभाषण अशक्य होते. टीसीपीचा पाठवणारा वेग कमी करतो तो मुख्यतः पॅकेट गळाल्याचे कळल्यावरच; गळतीच होऊ दिली नाही तर त्याला गर्दी कळत नाही आणि तो ओततच राहतो. अमेरिकेतील जिम गेटिस यांनी 2010 च्या सुमारास हे आपल्या घरच्याच जोडणीवर ओळखले आणि या विकाराला 'बफरब्लोट' हे नाव रूढ झाले. बफर सुजणे, असे मराठीत म्हणता येईल. पुढे 2012 मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी असा उपाय मांडला की रांग किती लांब आहे हे न मोजता, पॅकेट रांगेत किती वेळ उभे आहे ते मोजावे, आणि तो वेळ सातत्याने जास्त राहिला तर मुद्दाम काही पॅकेटे टाकावीत. नवशिक्याला हे क्रूर वाटते. पण वेळेवर दिलेला नकार उशिरा मिळालेल्या होकारापेक्षा उपयोगी असतो, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून संख्या ठरवण्याआधी काय सांडले तर चालेल, हे ठरवावे लागते. आणि त्याचे उत्तर संगणकशास्त्रात नसून यंत्राच्या कामात असते. टाकीतील पाण्याची पातळी कळवणाऱ्या यंत्राचे दहा मिनिटांपूर्वीचे वाचन शिळे असते. जागा संपली तर जुने टाकून नवे ठेवावे. धोक्याची सूचना देणाऱ्या यंत्रात पहिली सूचनाच मोलाची. तेथे जुने राखून नवे नाकारावे. पुण्यात महानगरपालिकेच्या समान पाणीपुरवठा योजनेत नळांना मीटर बसू लागले, तेव्हापासून हा विषय घराघरांत आला आहे. अशा एखाद्या मीटरने 'गेल्या तासात 30 लिटर' असे कळवायचे ठरवले, तर हरवलेले प्रत्येक पॅकेट म्हणजे कायमचे हरवलेले 30 लिटर. त्याऐवजी 'आजवर 48,213 लिटर' असे कळवले तर मधली दहा पॅकेटे गळाली तरी अकराव्याने हिशेब पुरा होतो. येथे एकही बफर न वाढवता प्रश्न सुटला. बफर हा निरोपाच्या मांडणीतील दोष झाकण्याचा उपाय होऊ नये, हे आम्ही नव्याने आलेल्या सहकाऱ्यांना पहिल्या आठवड्यात सांगतो.

नेमकी संख्या मात्र कागदावर पूर्णपणे ठरत नाही; ती मोजावी लागते. चांगल्या नेटवर्क विभागांत याची सोय असते. आतापर्यंत एका वेळी जास्तीत जास्त किती बफर वापरात होते आणि किती वेळा बफर मागूनही मिळाला नाही, असे दोन आकडे एलडब्ल्यूआयपी आपल्याकडे नोंदवून ठेवतो. विहिरीच्या भिंतीवर पाणी सर्वांत वर चढले होते तेथे रेघ उरते, तसा पहिला आकडा. यंत्र खऱ्या जागी, खऱ्या गर्दीत आठवडाभर चालवावे. सोळांपैकी नऊच लागले असतील तर बारा ठेवता येतील आणि वाचलेली जागा दुसऱ्या कामाला देता येईल. सोळाचे सोळा लागले असतील तर मात्र खरी गरज किती होती ते समजत नाही; तेव्हा आधी वाढवून पुन्हा मोजावे. आणि जास्तीत जास्तचा आकडा दिवसागणिक एकेकाने वाढत चालला असेल, तर बफर कमी नाहीत. कोणीतरी ताट घेऊन परत करीत नाही. त्या स्थितीत राशी वाढवल्या तर बिघाड मंगळवारऐवजी शुक्रवारी होईल, एवढेच.

या सर्व प्रणाली मुक्त आहेत. आरटीईएमएस, एलडब्ल्यूआयपी, झेफिर यांची प्रत्येक ओळ कोणालाही वाचता येते, बदलता येते, आणि त्यासाठी कोणाची ओळख वा शिफारस लागत नाही. ज्यांच्या घरात शिकणारी ही पहिलीच पिढी आहे, त्यांच्यासाठी ही गोष्ट लहान नाही. आपल्या वसतिगृहाच्या संगणक कक्षातील वरच्या वर्गातील मुलांनी एक प्रयोग करून पाहावा. एखादी स्वस्त पाटी घ्यावी, एलडब्ल्यूआयपी मूळ आकड्यांवर चालवावा आणि नोंदीची सोय सुरू करावी. मग बफरांची संख्या 16 वरून 3 करावी. प्रोग्राम तयारच होणार नाही. कारण तीन बफरांत 2144 बाईटांचे वचन पाळता येत नाही, हे त्या विभागाला स्वतःच तपासता येते. संख्या 4 करावी. आता तो चालेल. दोन-तीन संगणकांवरून एकदम त्याच्याकडे मजकूर पाठवावा. जास्तीत जास्तचा आकडा 4 वर जाऊन थांबलेला दिसेल, आणि न मिळाल्याचा आकडा वाढत चाललेला. तो वहीत लिहून घ्यावा, संख्या 5 करावी आणि पुन्हा पाठवावे.